मुलगी सॉफ्टबॉलची चांगली कॅचर आहे, पण बॅटिंगमुळे निवड झाली नाही. कॅचिंग सोडायला सांगू का?

खारेगावची_आई

नमस्कार. आम्ही कळव्याला, खारेगावात राहतो. माझी मुलगी दहावीला आहे, सातवीपासून सॉफ्टबॉल खेळते. शाळेत मास्क घालून बॅटरच्या मागे चेंडू पकडायला बसायला कोणी तयार नव्हतं, ही तयार झाली आणि कॅचरच राहिली.

मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. चार वर्षं रविवारी मैदानाच्या कडेला डबा घेऊन बसते, त्यामुळे आता बरंच कळतं. तिच्या दंडावर, मांडीवर, गळ्याच्या खाली कायम काळेनिळे डाग असतात. मी रात्री आंबेहळद उगाळून लावते. ती कधी हूं की चूं करत नाही. ट्रॅकपँटचे गुडघे मी आतून दुहेरी कापड लावून शिवून घेतलेत, तरी तीन महिन्यांत फाटतात.

गेल्या महिन्यात निवड चाचणी होती. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडून आम्ही कोपरखैरण्याला गेलो. मैदानावर फक्की मारायचं काम चालू होतं, इतक्या लवकर पोचलो. तिला साधारण दोन तास कॅचिंगला बसवलं. त्या वेळात एकही चेंडू तिच्या मागे गेला नाही. मी मोजत होते. दोन मुली पहिल्या बेसवरून (बेस म्हणजे पळताना थांबायची जागा) दुसऱ्या बेसला पळाल्या, दोघींना हिने तिकडे चेंडू फेकून आउट केलं. मग बॅटिंग. एकही चेंडू धड लागला नाही.

यादीत नाव आलं नाही. जिची निवड झाली तिचा फटका खूप लांब जातो, पण तिच्या पायांतून तीन चेंडू मागच्या जाळीला लागलेले मी पाहिले. मी जाऊन विचारलं. सर म्हणाले, "ताई, कॅचर म्हणून हिच्या तोडीची आज इथे कोणी नाही. पण नऊ जणींमध्ये एक बॅट फुकट घालवणं परवडत नाही." ते नीट बोलले, उगाच उडवून लावलं असं म्हणणार नाही. पण गाडीत ती ऐरोलीपासून ठाण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत रडत होती.

घरी आल्यावर तिने ग्लोव्ह कपाटावर टाकला. अजून तिथेच आहे.

मला खरंच सल्ला हवा आहे. कॅचिंग बाजूला ठेवून तिला फक्त बॅटिंगच्या मागे लावू का? की हा खेळच सोडू दे, दहावीचं वर्ष आहे? फटके मारता येत नाहीत पण कॅचर म्हणून मोठी झाली, असं या खेळात कोणी असतं का?

नौपाडा_जुना_कीपर

वहिनी, मला सॉफ्टबॉल कळत नाही. पण मी ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर कितीतरी वर्षं विकेटकीपिंग केलं आहे, म्हणून लिहितो.

नरेन ताम्हाणे हे नाव मुलीला सांगा. मुंबईचे कीपर. १९५५ ते १९६० मध्ये भारताकडून २१ कसोटी खेळले. फलंदाजीची सरासरी दहाच्या आसपास. आणि यष्टीमागे ३५ झेल, १६ यष्टिचीत. सुभाष गुप्ते यांचा लेगस्पिन आणि गुगली ओळखून पकडायची म्हणजे काय काम असेल विचार करा. वडील सांगायचे, ताम्हाण्यांनी चेंडू घेतला की आवाज यायचा नाही. लहानपणी मला हे पटायचं नाही. स्वतः उभा राहिल्यावर पटलं. चेंडू हातात येताना हात मागे गेले की आवाज होत नाही.

आता कीपरलाही धावा कराव्या लागतात, हे खरं आहे. पण जे हाताला येतं ते सोडायला सांगू नका.

रात्रपाळी_ऐरोली

ताई, मी स्वतः कॅचर होतो. जळगाव जिल्ह्यात शाळेपासून कॉलेजपर्यंत. आता ऐरोलीत रात्रपाळी करतो. आमच्या टीमचं काम अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या एका कंपनीचं आहे, त्यामुळे पहाटे चारच्या सुमाराला कॅन्टीनमध्ये चहा घेताना तिथली बेसबॉलची मॅच मोबाइलवर लावायची सवय लागली. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं. त्याचं नाव ऑस्टिन हेजेस, क्लीव्हलंडच्या संघाचा कॅचर.

२०२४ च्या हंगामात हेजेसची बॅटिंगची सरासरी .१५२ होती. म्हणजे शंभर वेळा बॅटिंगला आला तर पंधरा वेळा हिट. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये साधारण खेळाडूचे चोवीसेक होतात आणि तीसवाल्याला लोक डोक्यावर घेतात. पंधरावाल्याला खरं तर नारळच मिळायला हवा. क्लीव्हलंडने त्याच्याशी पुढच्या वर्षाचा करार केला. त्यांचे मॅनेजर स्टीफन व्होग्ट स्वतः कॅचर होते, त्यांना माहीत होतं आपण काय विकत घेतोय. त्याआधी २०२३ मध्ये हाच हेजेस हंगामाच्या मध्यात टेक्सास रेंजर्सकडे गेला होता, आणि त्या वर्षी त्यांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे त्या लीगची अंतिम लढत, जिंकली.

तो एकटा नाही. जेफ मॅथिस २००५ ते २०२१ असे १७ हंगाम मोठ्या लीगमध्ये खेळला, कारकिर्दीची सरासरी .१९४. त्याही मागे जायचं तर बिल बर्गेन, १९०१ ते १९११. तीन हजारांहून जास्त वेळा बॅटिंगला उतरला, सरासरी .१७०, सगळे मिळून होम रन दोन. तरी अकरा हंगाम त्याला कोणी बाहेर बसवलं नाही, कारण त्याच्या हातासमोर पळायची लोकांची छाती होत नव्हती.

आता हे लोक नेमकं काय करतात ते सांगतो, कारण तुमची मुलगी तेच करते आहे आणि तिला ते कोणी आकड्यात सांगितलेलं नाही.

पहिलं, टप्पा पडलेला चेंडू अडवणं. लोकांना वाटतं तो पकडायचा असतो. तो पकडायला गेलं की फसतं. दोन्ही गुडघे जमिनीला, ग्लोव्ह पायांच्या मधल्या फटीत, खांदे पुढे, हनुवटी छातीला. चेंडू अंगावर घ्यायचा आणि समोर पाडायचा. तुम्ही आंबेहळद लावता ते डाग हे काम नीट केल्याचे आहेत. हे काम चुकलं की काय होतं बघा. रनर एक बेस पुढे. आणि तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर आउट, पण तिसरी स्ट्राइक कॅचरच्या हातातून सुटली, पहिला बेस रिकामा असला, तर आउट होणारी बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकते. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणारीने, कमावलेली विकेट कॅचरच्या हातून गेली. त्या दुसऱ्या मुलीच्या पायांतून गेलेले तीन चेंडू चाचणीत कोणी लिहून ठेवले का?

दुसरं, थ्रो. बेसबॉलमध्ये होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा असतो तिथून, दुसरा बेस ३८.८ मीटर. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पडल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ मोजतात, त्याला पॉप टाइम म्हणतात. मोठ्या लीगमध्ये तो साधारण दोन सेकंद असतो. १.९ वाला भारी. एवढ्या दहाव्या हिश्श्यावर रनर आउट की सेफ ठरते. सॉफ्टबॉलमध्ये हे अंतर २५.९ मीटर आहे आणि पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही. पण बेसही जवळ, १८.२९ मीटरवर, त्यामुळे वेळ तितकाच कमी. मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं. पुढच्या रविवारी मोजा.

तिसरं मला सगळ्यात आवडतं, म्हणून जरा लांबवतो. त्याला फ्रेमिंग म्हणतात. प्लेट ४३ सेंटिमीटर रुंद. तिच्या कडेला, कोपऱ्यावर आलेला चेंडू स्ट्राइक (हद्दीतला) की बॉल (हद्दीबाहेरचा) हे अंपायर कॅचरच्या डोक्यावरून बघून ठरवतो. कॅचरचा हात चेंडूबरोबर बाहेर वाहवत गेला, तर खरी स्ट्राइकसुद्धा बॉल दिसते. हात स्थिर राहिला, चेंडूच्या आधी तिथे पोचला, तर स्ट्राइक ती स्ट्राइकच दिसते. वरच्या काकांनी ताम्हाण्यांच्या हातांबद्दल लिहिलंय ना, त्याचा हा चुलतभाऊ. कित्येक वर्षं जुने खेळाडू म्हणायचे की यात फार मोठी किंमत आहे, आणि आकडेवाले म्हणायचे सिद्ध करा. मग मैदानांवर प्रत्येक चेंडूची जागा टिपणारे कॅमेरे बसले. २०११ मध्ये माइक फास्ट नावाच्या अभ्यासकाने त्या नोंदींवरून हिशेब मांडला, आणि सगळ्यात वर नाव कोणाचं आलं तर होसे मोलिनाचं. बॅटिंग बेताची, पळायला संथ, वय पस्तिशीला पोचलेलं. त्याच वर्षाअखेरीस टॅम्पा बे रेजने त्याला घेतलं. दहा वर्षं तो तेच करत होता. बदललं एवढंच की ते मोजायची सोय झाली.

(आता मोठ्या लीगमध्ये २०२६ पासून अंपायरचा निर्णय यंत्राकडून तपासून घ्यायची पद्धत ठरली आहे. प्रत्येक संघाला दोन संधी, आणि मागणी करायचा हक्क फक्त बॅटर, पिचर आणि कॅचर यांना. म्हणजे फ्रेमिंगचा भाव थोडा उतरेल, पण स्ट्राइकची हद्द कोणाला अचूक कळते याचा वाढेल.)

ताई, माझं दुखणं हेच आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मला विद्यापीठाच्या संघातून वगळलं, कारण तुमच्या मुलीचंच. माझ्या पाच मॅचचा बॅटिंगचा हिशेब सरांच्या हातात होता, कॅचिंगचा कोणाकडेच नव्हता. माझ्याकडेही नव्हता. मी भांडलो, पण हातात कागद नव्हता. म्हणून तुम्हाला सांगतो, शंभर पानी वही घ्या. प्रत्येक मॅचला चार रकाने. किती जणी पळाल्या, त्यातल्या किती आउट झाल्या, किती टप्पा पडलेले चेंडू अडवले, किती मागे गेले. मागे गेलेल्यात फरक करा. साध्या प्रयत्नात पकडता आला असता तो पास्ड बॉल, तो मुलीच्या खात्यावर. कॅचरच्या आवाक्यातच नव्हता तो वाइल्ड पिच, तो पिचरच्या. लिहिताना मुलीची बाजू घेऊ नका. खोटी वही कोणीही ओळखतो.

बॅटिंगचंही लिहितो, कारण सर पूर्ण चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. सॉफ्टबॉलची मॅच सात इनिंगची. शाळेच्या पातळीवर तीन-चार हिटवर मॅच फिरते. पण तिला लांब मारायला लावू नका. बंट शिकवा. चेंडू समोर हळूच ठेवायचा आणि पळायचं. जी मुलगी दोन तास चेंडू सोडत नाही तिची नजर पक्की आहे, बंटला तेवढीच लागते. आणि बॉल सोडायला शिकवा. चार बॉल म्हणजे फुकटचा पहिला बेस. स्ट्राइकची हद्द तिच्याइतकी संघात कोणाला माहीत असणार? रोज तीच हद्द बघत बसते ती.

आणि वय. यादिएर मोलिना, होसेचा धाकटा भाऊ. तिघे भाऊ, बेंजी, होसे आणि यादिएर, तिघेही कॅचर, तिघांकडेही वर्ल्ड सिरीजची अंगठी. २००६ मध्ये यादिएरची सरासरी .२१६ होती. सेंट लुईसने त्याला त्याच्या हातांसाठी खेळवत ठेवलं, आणि त्याच वर्षी मेट्सविरुद्ध सातव्या, निर्णायक मॅचच्या नवव्या इनिंगमध्ये त्याने मारलेल्या होम रनने संघ वर्ल्ड सिरीजमध्ये गेला. २०१२ मध्ये त्याची सरासरी .३१५ होती. बॅटिंग मागून आली. आधी बाहेर बसवून ठेवलं असतं तर कुठून आली असती?

तुमची मुलगी पंधरा-सोळाची आहे. ग्लोव्ह खाली काढा. कपाटावर राहिला तर उन्हाळ्यात चामडं कडक होईल, थोडं खोबरेल लावून आत चेंडू ठेवून बांधून ठेवा.

वाशी_से_१७

मी वेगळं मत मांडते. माझा मुलगा बास्केटबॉल खेळायचा, निवडीचा अनुभव आहे. अमेरिकेतल्या माणसांची उदाहरणं ठीक, पण इथे मुलीसमोर पुढची चाचणी आहे आणि दहावीचे क्रीडागुणही. निवडणारे जे बघतात ते आधी द्या. तीन महिने बॅटिंगच करून घ्या, कॅचिंग कुठे पळून जात नाही. तिचं मन मोडू नये म्हणून तिला अर्धवट तयार ठेवणं मला पटत नाही.

पिचर_नेरूळ

मी नेरूळची, दहा वर्षं सॉफ्टबॉलमध्ये पिचिंग केलं. वाशीच्या ताईंचं म्हणणं समजतं, पण तीन महिने कॅचिंग बंद हे करू नका. गुडघ्यांची आणि मनगटाची सवय जाते, परत यायला तेवढेच दिवस लागतात.

पिचरच्या बाजूने एक सांगते, जे स्कोअरशीटवर कधीच येत नाही. तिसऱ्या बेसवर रनर असताना ड्रॉप टाकायचा की नाही, हे मी मागे कोण बसलंय ते बघून ठरवायचे. ड्रॉप शेवटी खाली पडतो, नीट पडला तर बॅटर गेलीच. पण तो मातीत पडून मागे गेला की रन. भरवशाची कॅचर नसेल तर मी तो टाकतच नसे. मग माझ्याकडे उरायचा सरळ वेगाचा चेंडू, आणि तो बॅटरलाही माहीत. म्हणजे कच्ची कॅचर पिचरचे अर्धे चेंडू खाते, आणि नंतर लोक म्हणतात आज पिचरला मार पडला. मला एकदा एका स्पर्धेत मॅचच्या मध्यात कॅचर बदलून दिली होती. बोट दुखावलं म्हणून बदलावीच लागली, कोणाचा दोष नव्हता. त्यानंतरच्या तीन इनिंगमध्ये मी एक ड्रॉप टाकला नाही. हरलो.

आता कामाचं. कोणी डीपी-फ्लेक्सचा नियम सांगितला नाही, याचं आश्चर्य वाटलं. सॉफ्टबॉलमध्ये नऊऐवजी दहा जणींची लाइनअप देता येते. त्यातली एक डीपी, ती बॅटिंग करते. आणि यादीत दहाव्या जागी फ्लेक्स, ती फक्त फील्डिंग करते, डीपी तिच्या वाटची बॅटिंग करते. बहुतेक संघ फ्लेक्सच्या जागी पिचरला टाकतात, म्हणून सगळ्यांना तो पिचरचा नियम वाटतो. तसं नाही. फ्लेक्स मैदानातल्या कोणत्याही जागेवर असू शकते, कॅचरसुद्धा. बेसबॉलच्या डीएचपेक्षा हा नियम मोकळा आहे, तिथे डीएच पिचरच्याच बदली असतो. फक्त मॅच सुरू व्हायच्या आधी लाइनअप कार्डावर तसं लिहून द्यावं लागतं, मध्येच सुचलं तर उपयोग नाही.

म्हणजे सरांचं "एक बॅट फुकट जाते" हे वाक्य सॉफ्टबॉलमध्ये खरं असायलाच हवं असं नाही. त्यांना शांतपणे विचारा, संघात फ्लेक्स कोण आहे?

खारेगावची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी करून बघायचं होतं.

वही घेतली. ग्लोव्ह मी खाली काढला नाही, खोबरेलाची बाटली फक्त टेबलावर ठेवली. दोन दिवसांनी तिने स्वतः काढला. ऐरोलीच्या दादांनी लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. हेजेसचं ऐकून काही बोलली नाही, पण यादिएरचे व्हिडिओ बघत बसली, त्यातही होम रनचा एकदाच आणि थ्रोचे पुन्हा पुन्हा.

चाचणीची यादी बदललेली नाही, ती बदलणारही नव्हती. पण आमच्या शाळेच्या सरांना फ्लेक्सबद्दल विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. आमच्या शाळेची पिचर बॅटिंगही चांगली करते, त्यामुळे तिला फ्लेक्स करायची कधी गरजच पडली नाही, दहावी जागा आजवर रिकामीच राहत होती. सर म्हणाले, "करून बघू." परवा नेरूळला दुसऱ्या शाळेशी मैत्रीची मॅच होती. कार्डावर दहाव्या क्रमांकावर हिचं नाव. एक आठवीतली मुलगी, जिला फील्डिंग येत नाही पण फटका सणसणीत आहे, ती डीपी.

वाशीच्या ताई, बॅटिंग सोडलेली नाही. रोज संध्याकाळी बिल्डिंगच्या खाली अर्धा तास बंट चालू आहे, चेंडू मी टाकते. माझा हात दुखतो, पण आता दहातले सहा तरी ती जागेवर ठेवते.

वहीतलं लिहिते. सात इनिंग. पळाल्या चार, आउट दोन. टप्पा पडलेले अडवले अकरा. मागे गेला एक.

त्या एकावरून घरी चर्चा झाली. तिसऱ्या इनिंगचा चेंडू, मी पास्ड बॉल म्हणून लिहिला होता. तिने गाडीत वही मागून घेतली, बघितलं आणि म्हणाली, "आई, तो वाइल्ड पिच होता. खोड आणि तिच्या खात्यावर टाक." मी पेन काढलं. तेवढ्यात घणसोली आलं, गर्दी चढली, राहून गेलं. ठाण्याला उतरताना म्हणाली, "नको खोडूस. माझा ग्लोव्ह उशिरा खाली गेला."